पाठीवर बोसाक

११ एप्रिल, केल्सो, नेब्रास्का

आलो एकदाचा. बसमधून उतरलो तेव्हा अंग आखडून लाकूड झालं होतं, पण आत नुसत्या आनंदाच्या उकळ्या फुटतायत. परत फुटबॉल खेळायला मिळणार. मार्चमध्ये कॅन्ससच्या संघाच्या मालकानं मैदानालाच कुलूप लावलं आणि आम्ही सगळे हेल्मेटं हातात धरून फुटपाथवर उभे राहिलो, तेव्हा रोशेल फोनवर म्हणाली होती, "थॅड, आता पुरे. माझ्या भावाचा ट्रक तयार उभा आहे. घरी ये आणि तो चालव." मी म्हटलं, एवढा एक मोसम. ती म्हणाली, "एवढा एकच. आणि तोही पूर्ण करून दाखव." बायकोला माझी दुखरी जागा बरोबर ठाऊक. नऊ वर्षांत सात संघ झाले, पण एकाही संघाबरोबर मी शेवटच्या सामन्यापर्यंत टिकलो नाही. कधी संघ बुडाला, कधी घोटा गेला, कधी सरळ नारळ मिळाला.

इथले कोच हॅल्वरसन बोलतात कमी आणि बघतात फार. म्हणाले, "आमचा मायलो बोसाक गुडघा धरून बसलाय. दोन आठवड्यांत येतो म्हणतो. तोवर तू."

तोवर. हा शब्द माझ्या इतक्या ओळखीचा आहे की तो ऐकला की मला घरी आल्यासारखंच वाटतं.

जर्सीही बोसाकचीच. तेवीस नंबर, पाठीवर हे मोठं BOSAK. म्हटलं, नाव तरी बदला. सगळी ड्रेसिंग रूम माझ्याकडे अशी बघायला लागली की मी जणू चर्चमध्ये शिट्टी वाजवली. आमचा क्वार्टरबॅक ट्रिप, म्हणजे मागून चेंडू फेकणारा, यानं मला कोपऱ्यात नेऊन समजावलं. थ्रेशर्सची, म्हणजे या संघाची, रीत अशी की पाठीवरचं नाव ज्याचं त्यानंच उसवायचं. संघ सोडताना तो स्वतः ब्लेड घेऊन बसतो. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. एकदा एका मालकानं कुणाचं तरी नाव परस्पर काढलं होतं, तर त्या वर्षी थ्रेशर्स एकही सामना जिंकले नाहीत म्हणे.

"मग बोसाकला सांग उसवायला," मी म्हटलं.

"तूच सांग," ट्रिप म्हणाला. "त्याच्याच आईकडे तर राहणार आहेस."

१५ एप्रिल

काल पहिला सामना. काय सांगू. गेल्या आठवड्यात त्याच मैदानात गुरांचं प्रदर्शन होतं. मातीवर फळ्या टाकून हिरवा गालिचा अंथरलाय, पण गुरं आपला वास ठेवून गेलीत. पहिल्याच धडकेत मी तोंडावर पडलो आणि नाकात अख्खा गोठा भरला. आणि मला इतकं बरं वाटलं की मी पडल्या पडल्या हसत होतो.

बाहेरच्या मोठ्या मैदानावरच्या लोकांना आमचा हा छपराखालचा अमेरिकन फुटबॉल कळायचा नाही. आठ माणसं, एवढंसं मैदान आणि चारी बाजूंनी गादी लावलेली भिंत. रेघेबाहेर पळून सुटका नाही. दमलास तरी भिंतीच्या आतच. लोक भिंतीला पोट लावून बसलेले असतात, त्यांच्या बियरचे थेंब आपल्या मानेवर उडतात. आणि मी रनिंग बॅक, नावाला चेंडू घेऊन पळणारा, पण निम्मा वेळ नुसता दरवान. ट्रिपच्या अंगावर येणाऱ्याला छातीवर घ्यायचं. चेंडू हातात येतो तो गोलरेषा जवळ आली की, सामन्यात तीन-चारदा. पण त्या तीन-चार वेळांसाठी मी कुठल्याही गावात राहायला तयार आहे.

काल एकदा रेषेपलीकडे घुसलो. टचडाउन, सहा गुण. सगळं मैदान उठून ओरडायला लागलं, "बोसाक, बोसाक!"

घुसलो तर मीच होतो.

२३ एप्रिल

मिस एल्डिना बोसाक, मायलोची आई आणि माझी घरमालकीण. आमच्या दक्षिणेकडे मोठ्या बाईला मिसच म्हणतात. थ्रेशर्सच्या सगळ्या जर्सी हीच शिवते. चेक लोकांची बाई, उकडलेले गोळे आणि आंबट कोबी असा वाढते की पोटात धोंडा पडावा. मी माझी तिखट सॉसची बाटली काढली तर म्हणाली, "माझ्या कोबीचा अपमान करतोस होय रे?" आणि मग स्वतःच थोडी घेऊन बघितली. आता बाटली टेबलावरच असते.

आज मायलो आला. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असेल, मान बैलासारखी. हातात काठी. मी काठीकडे बघितलं तर म्हणाला, "कुत्र्यांसाठी आहे." रस्त्यावर कुत्री तर दिसली नाहीत. जेवताना त्यानं मला माझ्या राज्याच्या नावानं, अलाबामा म्हणून हाक मारली आणि जेवण संपेपर्यंत तेच चाललं.

"माझ्या जर्सीला घाम फार लावू नकोस, अलाबामा. दोन आठवड्यांत परत हवीय."

मी म्हटलं, धुऊन देईन. मिस एल्डिना एकदम उठून ओव्हनकडे गेली. ओव्हनमध्ये काहीच नव्हतं, मला वाटतं विसरली असेल.

मनात धाकधूक आहे. हा बरा होतोय. पठ्ठ्याच्या चेहऱ्यावर दुखल्याची खूणसुद्धा नाही.

७ मे

सलग तिसरा विजय. मायलो प्रत्येक सामन्याला पहिल्या रांगेत, गुरांच्या फाटकाशेजारी बसतो. माझ्याकडे बघत नाही, माझ्या पायांकडे बघतो. काल ओमाहाच्या डॉक्टरांकडे जाऊन आला. नक्कीच खेळायची परवानगी आणायला गेला असणार. मी विचारलं, "काय म्हणाले?" तर म्हणाला, "दोन आठवडे."

म्हणजे मला अजून दोन आठवडे. या आठवड्यात तरी हकालपट्टी नाही. मी रस्ताभर गुणगुणत आलो.

२० मे

मिस एल्डिनानं मायलोचे जुने बूट चर्चच्या विक्रीला दिले. खिळ्यांचे, चांगले दणकट. म्हणजे नवे घेतले असणार त्यानं. पुनरागमनाला नवे बूट, मीही तेच केलं असतं. रात्रीच्या जेवणाला तिनं माझ्यासाठी खास बदक भाजलं होतं. बिचारीला अपराधी वाटत असणार, तिच्याच मुलामुळे मी बाहेर जाणार म्हणून. मी दोनदा वाढून घेतलं.

९ जून

आज काय झालं ते नीट लिहून ठेवतो.

सरावानंतर सगळे गेले. मी एकटा पळत होतो. मायलो काठी टेकत गालिच्यावर आला आणि म्हणाला, "तू भिंतीला घाबरतोस."

मी म्हटलं, "मी कशालाच घाबरत नाही."

"घाबरतोस. शेवटच्या क्षणी आत वळतोस आणि तिथे त्यांचे दोन रेडे उभेच असतात. अरे, नियम काय आहे? त्यांनी तुला ढकलून भिंतीवर आदळलं तर तू मेलास. पण तू आपण होऊन भिंतीला घासत गेलास तर खेळ चालू. मग आधी तूच जा की. त्यांनी न्यायच्या आधी."

मग मला गुरांच्या फाटकापाशी नेलं. तिथे भिंतीचा एक तुकडा फाटकाच्या चौकटीत बसवलाय, तो वीतभर आत गेलाय. लांबून कळत नाही. हात लावला तर कळतं. मायलोनं काठी बाजूला ठेवली, त्या खाचेत खांदा घातला आणि तिथेच उभा राहिला.

"इथे शिरलास की त्यांचा धक्का चौकटीला बसतो, तुला नाही. वीतभर जागा. पण ही वीत केल्सोत फक्त मला माहीत आहे."

"मग मला कशाला सांगतोस?"

त्यानं बोटानं मागची रेघ दाखवली. म्हणाला, "परत ये. डावा खांदा खाली." आणि मला दमेपर्यंत त्या खाचेत घुसायला लावलं. प्रत्येक वेळी तो स्वतःही नकळत खांदा खाली घ्यायचा. मध्येच त्याचा पाय लचकला आणि तो भिंतीला धरून राहिला. मी हात दिला तर अशी शिवी हासडली की मी इथे लिहीत नाही.

विचित्र माणूस आहे. ज्याला दोन आठवड्यांत हाकलायचंय त्याला कुणी आपली गुपितं शिकवतं का? पण ती खाच. देवा, काय खाच आहे. मला झोप येणार नाही.

२२ जून

रोशेलला सगळं सांगितलं, खाचेबद्दल, संघ दुसऱ्या नंबरवर असल्याबद्दल. ती ऐकत होती. मग नाओमी फोनवर आली. पोरगी सात वर्षांची झाली आणि आता दिसेल ते वाचते, दुकानांच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या. कुणीतरी टाकलेला आमच्या सामन्याचा व्हिडिओ तिनं बघितला होता.

"डॅडी, तू दिसलाच नाहीस. तिथे बोसाक आहे."

"तो मीच, बाळा."

"तुझं नाव बोसाक आहे?"

"नाही गं. जर्सी दुसऱ्याची आहे."

"मग तुझी कुठे आहे?"

मी म्हटलं, अंतिम सामन्याला या, माझं नाव पाठीवर असेल. बोलून गेलो. रोशेल मागून म्हणाली, "तिला शब्द देऊ नकोस, थॅड. ती लक्षात ठेवते." मी म्हटलं, दिला.

आता अंतिम सामन्यात पोचायचं, संघात टिकायचं आणि एका जिद्दी माणसाकडून त्याचं नाव उसवून घ्यायचं. एवढंच.

२ जुलै

पोचलो. उपांत्य सामना परगावी होता, तो जिंकलो. परतीच्या बसमध्ये सगळे गात होते. कोच माझ्या शेजारी येऊन बसले आणि विचारलं, "मार्चमध्ये तू काय करतोयस?" मी म्हटलं, कुठला मार्च? ते म्हणाले, "येणारा," आणि टोपी डोळ्यांवर ओढून झोपले. मला काही अर्थ लागला नाही. ट्रक चालवत असेन, दुसरं काय.

अंतिम सामना आमच्याच मैदानावर. आठ तारखेला. रोशेल आणि नाओमीची बसची तिकिटं काढली. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी मोसमाच्या शेवटाला उभा आहे. आरशात स्वतःला बघून हात मिळवला, खरंच.

५ जुलै

मिस एल्डिनाला विचारलं. ती शिलाई मशीनशी बसली होती. नाओमीचं सांगितलं, सगळं सांगितलं. ती बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिली.

"मी शिवलंय ते. मी उसवायचं नाही. रीत आहे."

"रीत माहीत आहे, मॅम. मी तुम्हाला उसवा म्हणतच नाही. तुम्ही मायलोला सांगाल का?"

"त्याला काय सांगू?" ती म्हणाली. "धान्याच्या कोठारावर त्याला मुकादम केलंय, कायमचा. ते तरी मला त्यानं सांगितलं का? शेजारणीनं सांगितलं." मग तिनं माझं नाव कागदावर लिहून घेतलं. "कसं लिहितात ते सांग. नीट सांग, तुम्हा लोकांची नावं लांबच लांब असतात."

मी सांगितलं. ती नाव वेगळ्या पट्टीवर शिवून ठेवणार, पण नुसतं ठेवणार, जर्सीला लावणार नाही. कोठाराचं ऐकून मला वाईट वाटलं. एवढी नोकरी सांभाळून मायलो सामने कसे खेळणार?

७ जुलै

सकाळी सरावाला गेलो तर मायलो ड्रेसिंग रूममध्ये. काठी नाही. खांद्याला खेळाची बॅग. दोन आठवडे संपले. आज, नेमके आज संपले. म्हटलं, जाऊ दे, त्याचं गाव, त्याची जर्सी. मी जर्सी खुंटीवरून काढली आणि त्याच्यापुढे धरली.

"धुतलीय," मी म्हटलं.

तो बाकावर बसला. उजवा पाय सरळ ठेवूनच बसावं लागलं त्याला. बॅगेतून बूट निघतील असं मला वाटलं. निघालं ते आईच्या शिवणाच्या डब्यातलं ब्लेड. त्यानं जर्सी मांडीवर पालथी टाकली आणि B च्या पहिल्या टाक्याला हात घातला.

सगळी रूम भोवती जमली. ट्रिपनं तर दाढीचा फेस तसाच ठेवला.

"आई शिवते म्हणजे बैल जुंपले तरी सुटायचं नाही," मायलो म्हणाला.

मी म्हटलं, "पण दोन आठवड्यांनी तू..."

"कुठले दोन आठवडे रे? डॉक्टरनं एप्रिलमध्येच हात वर केले होते." तो मान वर न करता टाके तोडत होता. "ह्या सगळ्यांना माहीत होतं. आईला माहीत होतं. त्या दोन आठवड्यांवर विश्वास ठेवणारे आपण दोघंच, मी आणि तू. तू विचारायचास ना, 'कसा आहे गुडघा, कधी येतोस', भीतीनं तोंड एवढंसं करून. मला वाटायचं, चला, एका माणसाला तरी मी येईन असं वाटतंय."

तीन महिने मी ज्याला घाबरलो तो माझ्यासमोर बसून स्वतःचं नाव अक्षराअक्षरानं काढत होता, आणि मी बदक दोनदा वाढून घेतलं होतं. गाढव आहे मी. मी त्याच्याशेजारी बसलो आणि जर्सीचं दुसरं टोक ताणून धरलं, म्हणजे ब्लेड नीट चालावं.

K निघालं तेव्हा त्यानं दोरे फुंकून उडवले. "आई दारात उभी आहे नवं नाव घेऊन. जा, दे तिला. आणि अलाबामा, उद्या आत वळलास तर काठी घालीन टाळक्यात."

९ जुलै

खांदा सुजलाय, आणि मला पर्वा नाही. जिंकलो. थ्रेशर्स विजेते.

पहिल्यापासून सांगतो. रोशेल आणि नाओमी मायलोच्या शेजारी, गुरांच्या फाटकापाशी. मिस एल्डिना जर्सी अगदी सामन्याच्या तोंडावर घेऊन आली. मी बघितलीही नाही, डोक्यातून घातली आणि पळालो. लोकांना सवय. मी मैदानात आलो आणि गाव ओरडलं, "बोसाक!" वाईट वाटायला वेळच नव्हता, समोरचे रेडे आमच्या गावच्यांपेक्षा मोठे होते.

शेवटी आम्ही चार गुणांनी मागे, गोलरेषा जवळ, आणि खेळायला एकच डाव. ट्रिपनं माझ्याकडे बघितलं. चेंडू पोटात आला. डावीकडे पळालो. दोघं अंगावर आले, पाय आपोआप आत वळायला निघाले, आणि मला खरंच वाटलं की आता टाळक्यात काठी बसणार. मग मी भिंतीकडे गेलो. आपण होऊन. डावा खांदा खाली, गादीला घासत, घासत, आणि खाच आली. मी आत शिरलो. मागून धक्का आला तो चौकटीला बसला, धाडकन, आणि तो रेडा स्वतःच परत उडाला. मी वीतभर जागेतून बाहेर पडलो, रेषा ओलांडली आणि वेगात भिंतीवरून पलीकडे, लोकांत.

कुणाच्या तरी मांडीवर पडलो. मायलोच्या. दुखऱ्या पायावर. तो कळवळला आणि मला दोन्ही हातांनी आवळून धरलं.

गाव ओरडतच होतं, "बोसाक, बोसाक!" मायलो मला ढकलून उभा राहिला. त्याच पायावर. आणि इतक्या मोठ्यानं ओरडला की माझ्या कानाला दडे बसले. "पेटीग्रू!" एकटाच. आजूबाजूचे वळून बघायला लागले. "अरे बहिऱ्यांनो, नाव वाचा. पेटीग्रू!" मग त्याची आई ओरडली. मग नाओमी, मग रोशेल, मग ती सगळी बाजू. शेवटी ते भलंमोठं गुरांचं छप्पर माझ्या बापाचं आडनाव घेऊन घुमत होतं. मी रडलो. हेल्मेट होतं, म्हणून बरं.

भिंतीपलीकडे आलेला चेंडू ज्याच्या हाती लागेल त्याचा. तो मायलोच्या काखेत होता. मी मागितला नाही.

हे झालं काल. आज सकाळची गोष्ट अजून राहिलीय.

मिस एल्डिनाच्या स्वयंपाकघरात सगळे बसलो होतो, कोलाचे खात. जर्दाळूचा गोड पाव, अजून गरम. मायलोचा पाय खुर्चीवर, त्यावर बर्फ. नाओमीनं जर्सी मांडीवर पसरली होती आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत होती. तिचं बोट एका जागी थांबलं. परत मागे गेलं.

"डॅडी, यात एकच टी आहे."

"असं कसं?"

"आपल्यात दोन टी आहेत. पी, ई, टी, टी. मी रोज लिहिते."

मिस एल्डिनानं चष्मा चढवला. जर्सी ओढून घेतली. मग खुर्चीत मागे टेकली आणि कपाळाला हात लावला. मायलोला हसताना जर्दाळूचा ठसका लागला, त्याच्या पाठीत गुद्दे घालावे लागले.

"सगळ्या गावानं वाचलं की रे ते," ती म्हणाली. "दे, दोन मिनिटांचं काम आहे." उठून ब्लेड आणलं, आणि मग तिला आठवलं. ती थांबली. ब्लेड तिनं टेबलावर माझ्यासमोर ठेवलं. "नाही. तुझं आहे. उसवायचं तर तूच उसव."

नाव उसवतो तो संघ सोडून जातो, हे रोशेललाही मायलोनं काल सांगितलं होतं. मी ब्लेडकडे बघत बसलो. शब्द दिला होता मी, एवढा एकच मोसम, आणि तो पूर्ण झाला होता. कोचनी बसमध्ये मार्चचं का विचारलं होतं तेही मला आत्ता, कोलाचे खाताना कळलं; पुढच्या मोसमाचा सराव मार्चमध्येच सुरू होतो. मी हात पुढे केला.

रोशेलनं माझ्या आधी ब्लेड उचललं आणि मिस एल्डिनाच्या डब्यात टाकून डब्याचं झाकण लावलं.

"राहू दे," ती म्हणाली. "एक टी कमी तर कमी."

"आणि ट्रक?"

"मार्चपर्यंत चालव."

नाओमी म्हणाली की पण ते चूक आहे. मायलो तिला म्हणाला, "असू दे गं. तुझ्या बापानं विचारलं की सांगायचं, दोन आठवड्यांत दुरुस्त करू."